गुणाकाराची कसोटी

अमरावतीहून परतवाडा व सेमाडोह या मार्गानें धारणीस जातांना प्रवासाचे तीन टप्पे पडतात. पहिले दोन आधीं जोडले काय अथवा शेवटचे दोन आधीं जोडले काय, मार्ग एकच. गणितांत या गुणास साहचर्य म्हणतात. गुणाकाराचा नियमच किंचित् पालटला तर साहचर्य टिकेल काय? अशा पालटांची वर्गवारी होखशिल्ड यांनीं १९४५ सालीं मांडलेल्या कोहोमॉलॉजींत होते. त्या वर्गांवरहि गुणाकार व कंस अशा दोन क्रिया चालतात, असें गेर्स्टनहाबर यांनीं १९६३ सालीं दाखविलें. पालटाचा स्वतःशींच घेतलेला कंस शून्य न आल्यास तो पालट दुसऱ्याच पावलास अडतो. कोणता पालट टिकणार नाहीं, हें ओळखण्याची कसोटी याप्रमाणें त्या वर्गवारींतच दडलेली असते.