दिलेला आशीर्वाद मागे घेता येत नाही

दशरथाला कैकेयीचे वर मागे घेता आले नाहीत, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या २७व्या अध्यायात, शब्दात अडकलेल्या अशाच एका बापाची गोष्ट आहे. इसहाक म्हातारा झालाय, डोळ्यांनी दिसत नाही. डोळे मिटण्याआधी थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यावा म्हणून तो त्याला शिकारीला धाडतो आणि रुचकर जेवण रांधून आणायला सांगतो. तेवढ्यात आईच्या सांगण्यावरून धाकटा याकोब भावाचे कपडे चढवतो, हातांना नि मानेला करडांची कातडी गुंडाळतो, कारण एसाव केसाळ, आणि बापापुढे जाऊन बसतो. म्हातारा चाचपून बघतो. आवाज याकोबाचा वाटतो, हात एसावाचे लागतात. शेवटी तो आशीर्वाद देतो. मग खरा एसाव ताट घेऊन येतो तेव्हा इसहाक थरथर कापतो, पण दिलेला शब्द काही परत घेत नाही. माझ्यासाठी काहीच राखून ठेवलं नाही का, असं विचारत तो दणकट शिकारी हंबरडा फोडतो.

नगरच्या आमच्या मंडळीत मी अनेक वर्षं संडे स्कूल घेते. ही गोष्ट झाली की मुलं हमखास विचारतात, ‘बाई, फसवून घेतला ना, मग रद्द का नाही केला?’ प्रश्न रास्त आहे. मी त्यांना एवढंच सांगते, की त्या घरात बोलणं ही कृतीच होती. एकदा हातून घडलं ते घडलं.

ख्रिस्ती श्रद्धेत याचं मूळ फार खोल आहे. देव बोलतो आणि प्रकाश होतो, तिथूनच आमचं शास्त्र सुरू होतं. योहान आपल्या शुभवर्तमानाची सुरुवातच शब्दाने करतो आणि येशूलाच तो शब्द म्हणतो. कफर्णहूमचा रोमी शताधिपती येशूला घरी यायची तसदी देत नाही. तुम्ही इथूनच एक शब्द बोला, माझा चाकर बरा होईल, असा त्याचा भरवसा. लक्षात घ्या, सामर्थ्य बोलणाऱ्या येशूचं आहे. शताधिपती नुसतं मागतो.

आमच्या घरी एक शिस्त होती. उपासना कितीही लांबो, आशीर्वचनाआधी बाहेर पडायचं नाही. पाळकसाहेब हात उंचावतात, आम्ही माना लववतो. देव तुझं रक्षण करो, तुझ्यावर प्रसन्न होवो, तुला शांती देवो, अशा आशयाचे ते शब्द. अहरोन याजकाच्या घराण्याला ते नेमून दिल्याचं गणनाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे. १९७९ साली यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम इथल्या जुन्या कबरींत चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. उलगडायलाच वर्षं गेली. उलगडल्यावर पत्र्यावर कोरलेला हाच आशीर्वाद निघाला. अभ्यासक त्यांचा काळ ढोबळमानाने अडीच हजार वर्षांपूर्वीचा, किंवा त्याहूनही आधीचा मानतात. बायबलमधला मजकूर असलेलं यापेक्षा जुनं लिखाण आजवर हाती आलेलं नाही. कुणीतरी तो आशीर्वाद अंगावर बाळगला असेल आणि तो घेऊनच मातीत गेला असेल, या विचाराने मला भरून येतं.

आशीर्वाद देणारं तोंड उलटंही चालतं. नव्या करारातल्या याकोबाच्या (हा याकोब वेगळा) पत्राचा तिसरा अध्याय जिभेवर आहे, आणि त्यात तो कुणाचीही भीड ठेवत नाही. माणसाने पशुपक्षी माणसाळवले, जीभ काही माणसाळली नाही, असं त्याचं म्हणणं. ज्या तोंडाने देवाची स्तुती करता त्याच तोंडाने देवाच्या प्रतिमेच्या माणसाला शाप देता, हे त्याला सहन होत नाही. येशू तर भावाला मूर्ख म्हणणाऱ्याची गाठ थेट खुनाच्या आज्ञेशी घालतो. वर्गात पोराला ‘ढ’ म्हणून मोकळं होणाऱ्या आम्हा शिक्षकांनी ते वचन रोज वाचावं.

पण गेली काही वर्षं मला वेगळीच काळजी लागली आहे. आमचं महिला मंडळ दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जातं. तिथे एक बाई होत्या, पोटाचा कॅन्सर. मी कपाळावर हात ठेवला तर घामाने भिजलेलं. खूप दुखतंय का, विचारलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाल्या, ‘बाई, दुखतंय असं म्हणायचं नाही म्हणे. म्हटलं तर बरं होणं अडतं.’ कुणा प्रचारकाने त्यांना बजावलं होतं, की ‘मी बरी झाले आहे’ एवढंच बोलत राहायचं. नर्स विचारायची तेव्हाही त्या ‘बरंय’ म्हणत, मग वेदनाशामक कशाला मिळणार?

ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेत वाढली. ई. डब्ल्यू. केनियन आणि त्यांच्यामागून केनेथ हेगिन यांनी ती पसरवली. विश्वासाने तोंडाने बोला, जे बोलाल ते होईल, असा तिचा सारांश. डोंगराला समुद्रात जा म्हणण्याबद्दलचं मार्कातलं वचन हा तिचा मोठा आधार. त्याच वचनापाठोपाठ येशू प्रार्थनेबद्दल आणि इतरांना क्षमा करण्याबद्दल बोलतो, ते मात्र मागे पडतं. माझ्या मते हे मंत्रतंत्र आहे, त्याला ख्रिस्ती नाव दिलंय एवढंच.

मी त्या बाईंना ईयोबाची गोष्ट सांगितली. सगळं गमावून, अंगभर फोड घेऊन तो राखेत बसतो. तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसतात. तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडल्यावर मात्र, तुझंच काहीतरी चुकलं असेल, असा सूर लावतात. ईयोब रडतो, भांडतो, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. आणि शेवटी देव निवाडा करतो तो काय? मित्र नीट बोलले नाहीत, माझा सेवक ईयोब नीट बोलला. वधस्तंभावर खुद्द येशू, देवाने मला का सोडलं, म्हणून मोठ्याने ओरडला. तो काय विश्वासात कमी पडला?

बाई बराच वेळ रडल्या. मग नर्सला हाक मारून म्हणाल्या, ‘सिस्टर, फार दुखतंय.’ त्या रात्री त्यांना इंजेक्शन मिळालं आणि झोप लागली. पुढे दोनेक महिन्यांनी त्या वारल्या. जाईपर्यंत त्यांची प्रार्थना सुटली नाही.

प्रचारकांना आणि आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्या सगळ्यांनाच माझी हात जोडून विनंती आहे. आशीर्वाद जरूर द्या, मोठ्याने द्या, नाव घेऊन द्या. पण त्याआधी कुठे दुखतंय ते विचारा, सगळं ऐकून घ्या, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर मिळतंय ना, तेही बघा.