वास्तुकार गावात कधी येणार?

वऱ्हाडातल्या रोहिणखेडची 1582 ची मशीद ओळखली जाते ती बांधवून घेणाऱ्या खुदावंतखानाच्या नावाने, वास्तुकाराच्या नव्हे. 1972 च्या कायद्याने वास्तुकाराला नोंदणी दिली खरी. पण कायदा फक्त पदनाम राखतो, काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे या व्यवसायाला पुढारपण मिळेल ते लोकांच्या उपयोगी पडूनच. गावातल्या घरकुलाला मिळणारं सरकारी अनुदान मात्र मर्यादित असतं. त्यात वास्तुकाराची फी कुठून द्यायची, हा आक्षेप रास्तच. पण घरागणिक वास्तुकार हवा कशाला? वास्तुकार चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईतल्या बेलापूरला अंगणाभोवतीची, कुटुंबाने सोयीने वाढवावीत अशी घरं आखली. वऱ्हाडी ऊन, ओसरी आणि उद्याची वाढीव खोली धरून केलेले चार नमुने तालुक्याला पुरतील. बांधायला गवंडी आहेतच. ग्रामपंचायतींनी हे नमुने वास्तुकारांकडून मागून घ्यावेत.