मुख्याध्यापिकेचें खरें काम

मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका दिवसभर काय करते, असें विचारलें तर पुष्कळ पालक म्हणतील कीं, ती वेळापत्रक आंखते, फीचा हिशेब पाहते आणि खोडकर मुलींस रागें भरते. हें सारें तिला करावें लागतेंच. पण तिचें खरें काम याहून निराळें आहे. तें ध्यानांत यावें म्हणून इंग्लंडांतील एका शाळेची हकीकत आम्ही येथें देतों.

चेल्टनहॅम ह्या गांवीं १८५३ सालीं मुलींसाठीं एक कॉलेज स्थापन झालें. नांव कॉलेज असलें तरी ती शाळाच होय. भागीदारांच्या भांडवलावर व मुलींच्या फीवर चालणारी ती स्वतंत्र शाळा होती. अशा शाळेवर सरकारचा दाब नसतो. परंतु पालक नाराज झाले कीं मुली कमी होतात, आणि मुली कमी झाल्या कीं शाळा बुडते. १८५८ सालीं मिस डोरोथिया बील तेथें प्रिन्सिपल झाल्या. तेव्हां त्यांचें वय २७ वर्षांचें होतें, मुली अवघ्या ६९ होत्या आणि पैशाची चणचण होती.

बीलबाई पूर्वीं लंडनच्या क्वीन्स कॉलेजांत गणित शिकवीत. मुलींस भूमिति व सृष्टिशास्त्र यावें अशी त्यांची तळमळ. तर असलें शिक्षण मुलींच्या काय कामाचें, अशी त्या काळच्या पालकांची समजूत. बाईंनीं वाद घातला नाहीं. युक्लिडची भूमिति त्यांनीं कांहीं काळ दूर ठेविली, आणि शास्त्राचे धडे प्राकृतिक भूगोलाच्या नांवाखालीं सुरू केले. भूगोलास कोण हरकत घेणार? पालकांचा विश्वास बसला, तसतसे पुढील विषय आले. हेतु न सोडतां वाट पाहणें, हें मुख्याध्यापिकेचें पहिलें काम होय.

दुसरें काम दिनक्रमाचें. पूर्वीं शाळा सकाळीं व दुपारीं अशी दोन वेळां भरे. बाईंनीं मुख्य पाठ सकाळींच आटोपण्याची चाल पाडली. कांहीं पालकांस ती रुचली नाहीं. तथापि ती टिकली. बक्षिसांसाठीं चाललेली चुरस बाईंस आवडत नसे. विद्येची गोडी विद्येंतच लागावी, असें त्यांचें मत होतें. त्यांचें सर्वच आम्हांस मान्य आहे असें नाहीं. परवानगीवांचून मुलींनीं शाळेंत आपसांत बोलूं नये, हा नियम आम्हांस कठोर वाटतो. आणि दुकानदारांच्या मुलींस त्या शाळेचें दार बंद होतें, हें तर उणेंच म्हटलें पाहिजे.

ह्याच शाळेंत १८८४ सालीं आपल्या पंडिता रमाबाई गेल्या. तेथें त्या स्वतः शिकत व संस्कृतहि शिकवीत. धर्माविषयींच्या आपल्या शंका त्या बीलबाईंस निर्भयपणें कळवीत, आणि बाई त्यांस पत्रांतून सविस्तर उत्तरें देत. दोघींचें मत नेहमीं जुळत असे असें नाहीं. परंतु शिष्येनें प्रश्न केला म्हणून गुरूचा मान गेला, असें बाईंस वाटलें नाहीं. हें तिसरें काम, आणि सर्वांत अवघड. १८८९ सालच्या मार्च महिन्यांत रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें व तरुण विधवांस विद्येचें दार मोकळें केलें. एका शाळेंत शिकलेली बाई दुसरी शाळा उभारते, याहून शाळेचें मोठें फळ कोणतें?

बीलबाईंनीं अध्यापिका तयार करण्याचीहि सोय केली, आणि १८९३ सालीं ऑक्सफर्डला सेंट हिल्डाज हॉल स्थापिला. १९०६ सालीं त्या वारल्या. त्यांची शाळा आजहि चालू आहे.

आमच्या पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. वर्षअखेरीस मुलीच्या हातीं गुणपत्रक येतें, तें अवश्य पाहावें. परंतु एक-दोन विषयांत गुण कमी पडले म्हणून तिला शाळेंतून काढण्याचा विचार मनांत येईल, तेव्हां आधीं दोन गोष्टी पाहाव्या: ती आपण होऊन पुस्तक हातीं घेते काय? न समजलेलें धीटपणें विचारते काय? ह्यांचें उत्तर होकारार्थी असेल, तर शाळेचें काम चाललें आहे असें समजावें, आणि तें पुरें होण्यास आणखी कांहीं वर्षें द्यावीं.