कृशता आणि स्थूलता : किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा प्रश्न



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी मुलींच्या वजनाचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटेल. कारण एक शब्द आहे. माझ्या वर्गातील एका अबोल विद्यार्थिनीचा उल्लेख मी कौतुकाने ‘नाजूक’ असा करीत असे. एके दिवशी ती वर्गातच भोवळ येऊन पडली. घरातील पुरुषांचे डबे भरून जे उरेल तेवढेच ती खात असे, हे मला तेव्हा कळले. तिच्या उपासमारीला मी सौंदर्य समजलो होतो.

‘सडपातळ’, ‘काटकुळी’, ‘खात्यापित्या घरची’ हे आपले शब्द डोळ्यांना दिसते तेवढेच सांगतात. शास्त्राचे माप निराळे आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की ‘बीएमआय’ हा निर्देशांक मिळतो. वाढीच्या वयात तो वयानुरूप पाहावा लागतो. प्रौढांचा दंडक तेथे चालत नाही. पंधरा वर्षांच्या, 150 सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे वजन 34 किलो असेल तर निर्देशांक सुमारे 15 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार ती कृश होय. तेच वजन 54 किलो असेल तर निर्देशांक 24 येतो आणि ती अतिवजनाच्या गटात जाते.

भारतात 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातील 24 टक्के मुलेमुली कृश, तर 5 टक्के अतिवजनाची आढळली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 18.7 टक्के कमी वजनाच्या आणि 24 टक्के अतिवजनाच्या वा स्थूल होत्या. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी तर 59 टक्के रक्तक्षयग्रस्त होत्या.

या दोन टोकांचा संबंध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी उलगडला. 1993 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास आरंभिला. तेथील मातांचे गर्भधारणेपूर्वीचे वजन सरासरी सुमारे 42 किलो, तर बाळांचे जन्मवजन सुमारे 2.7 किलो होते. ही बाळे दिसायला बारीक. परंतु त्यांचे स्नायू कमी असूनही चरबी मात्र राखलेली होती. अशा देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक चांगली वाढलेली होती. तात्पर्य, केवळ पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे.

आपले चलथाण साखर कारखान्याचे गाव. हंगामात खानदेशातून व डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या या भागात येतात. आईबापांबरोबर मुलीही येतात आणि शिळ्या भाकरीवर राबतात. दुसरीकडे, मधल्या सुट्टीत वेफर्स व थंड पेयावर भागवणाऱ्या मुलीही आपण पाहतो. एकीला अन्नच अपुरे, दुसरीला तेल-साखर विपुल. पण लोह, प्रथिने व भाजीपाला यांची उणीव दोघींनाही भासते.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : शाळेला एक वजनकाटा व उंचीमापक द्यावा. वर्षातून दोनदा नोंद व्हावी. मात्र आकडा वर्गासमोर उच्चारू नये, तो पालकांना एकांतात सांगावा. आणि आज घरी गेल्यावर एवढे पाहावे, की मुलीचे ताट तिच्या भावाच्या ताटाबरोबरच वाढले जाते का, आणि त्यात मेथी, डाळ, दूध तितकेच असते का.