निम्मोंची रानभेंडी

डोंगराळ रायगड जिल्ह्यातल्या रानांत पावसाळा सरता सरता रानभेंडी पिवळी फुलते. मग तिला तीन पंखांचे, राठ केसांनी भरलेले फळ धरते. शास्त्रात तिचे नाव एरिनोकार्पस निम्मोनी. या प्रजातीत जाती एकच, आणि तीही पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलीच. नावातले जोसेफ निम्मो हे मुंबईतले हौशी संग्राहक. नाव छापले ते जॉन ग्रॅहम यांनी, आणि ते होते मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. त्यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची 1839 मध्ये निघाली. त्याच वर्षी खंडाळ्याला त्यांचे निधन झाले आणि उरलेली पाने निम्मोंनी पुरी केली. टपालखात्यातल्या माणसाने हे पुस्तक लिहावे, हा योगायोग असेल. पण इथले वनस्पतिशास्त्र टपालासारखेच चालले. रोप, बी आणि खबर या हातातून त्या हातात गेली, म्हणून ते उभे राहिले.

खबर म्हणजे नुसत्या गप्पा, त्यांना शास्त्र कसे म्हणायचे, असा आक्षेप येईल. पण अमुक झाड कुठे दिसले, कुणी पाहिले, कुणाच्या बागेत रुजले, ही माहिती वनस्पतिशास्त्रात पुरावाच असते. शिवाय खबरीमागे वाळवलेला नमुना असे. शंका आली की तो पुन्हा पाहता येई. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात एका भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. हेच गिब्सन आणि निकोल डॅल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 मध्ये आला. जिवंत रोपांचे गणित मात्र बोटीवर बिघडे. खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत ती वाटेतच मरत. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड यांनी बंद काचपेटीतली रोपे 1833 मध्ये सिडनीला धाडली आणि ती जगली. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरे, एवढीच त्यातली युक्ती. पूर्वी विसांतली एकोणीस रोपे जात, आता एकोणीस तगतात, असा लॉडिजेस या लंडनच्या रोपवाटिकेचा अनुभव होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही देवाणघेवाण सत्तेच्या छायेत चालली. कंपनी सरकारला लाकूड, औषधे, नगदी पिके हवी होती. गिब्सन तर जंगलखात्याचे प्रमुखही होते. हे मान्यच करावे लागते. पण लोभाने सगळे उलगडत नाही. रानभेंडीसारख्या झाडाची नोंद करून तिजोरीत फारसे काही पडणार नव्हते. ती नोंद झाली ती मित्राला श्रेय देण्याच्या रिवाजातून. नाव देणे ही त्या मंडळींची पोचपावतीच होती.

खोट आहे ती इथेच. पावती मिळाली ती पत्र लिहिणाऱ्याला. रान दाखवणाऱ्याला नाही. तरी ‘बॉम्बे फ्लोरा’त ऐन, किंजळ ही नावे रोमन लिपीत उतरली आहेत, आणि ती कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय उतरणे शक्य नव्हते. सांगणाऱ्याचे नाव गेले, त्याने सांगितलेला शब्द राहिला.