हमस, पास्ता, थाय करी घरून विकताय? आधी एका डब्याचा हिशेब मांडा



व्हिडिओत मी हमसच्या डब्याचं कॉस्टिंग फळ्यावर भराभर मांडलं. बऱ्याच जणांना व्हिडिओ थांबवून थांबवून बघावा लागला असेल. म्हणून इथे तेच सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

नाशिकमध्ये घरून पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या ताई गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या अनेकींना आता वाटतं, पास्ता, थाय करी, टाको सगळं जमतं, घरचे बोटं चाटत खातात, मग विकूया की! जरूर विका. पण पहिल्याच दिवशी मेन्यूवर अख्खं जग मांडू नका. दहा देशांचे दहा पदार्थ म्हणजे सॉसच्या दहा बाटल्या, आणि त्यातल्या निम्म्या फ्रिजमध्ये पडून वाया. सुरुवात एका पदार्थाने करा.

हमसच का?

हमस म्हणजे लेबनॉन-सीरियाकडची काबुली चण्याची चटणी. त्यात घालतात ती ताहिनी म्हणजे पांढऱ्या तिळाचं वाटण. महागडी बाटली आणायची गरज नाही. सोललेले तीळ मंद आचेवर हलके भाजा (लाल झाले की कडवट लागतात), थोडं तेल घालून मिक्सरला लावा, झाली ताहिनी.

दुसरं कारण भावाचं. टोमॅटोचं मोठं मार्केट आपल्या पिंपळगाव बसवंतला, तरी 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेलाच ना? लाल सॉसचा पास्ता विकणाऱ्याचं गणित त्या महिन्यात कोलमडतं. चणे आणि तीळ कोरडा माल. भाव असे रातोरात उड्या मारत नाहीत, आणि माल महिनाभर घरात ठेवता येतो.

एका बॅचचा हिशेब

भाव उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या वाण्याचे घाला.

- काबुली चणे अर्धा किलो: 70 रुपये
- तीळ 150 ग्रॅम: 36 रुपये
- ऑलिव्ह ऑइल 60 मिली: 54 रुपये
- लिंबू, लसूण, जिरं, मीठ: 20 रुपये
- गॅस आणि लाईट: 20 रुपये

एकूण 200 रुपये. चणे रात्रभर भिजवून, बोटाने सहज चिरडतील इतके मऊ शिजवले की दुपटीहून जास्त भरतात. भांड्याला चिकटलेलं आणि चव बघितलेलं सोडून 200 ग्रॅमचे 7 डबे धरा. म्हणजे डब्याला साधारण 29 रुपये.

आता खरी गंमत. डबा आणि स्टिकर 9 रुपये, झाले 38. तुमची मेहनत दीड तास, तासाला 100 रुपये धरले तर डब्यामागे 21, झाले 59. न विकलेला, परत आलेला माल यासाठी दहा टक्के, म्हणजे 6 रुपये. एकूण 65 रुपये.

“चणे तर दहा रुपयांचे लागतात, 60 ला देऊन टाकू” असं म्हणणारी ताई प्रत्येक डब्याला पाच रुपये पदरचे घालते. आणि तिला ते कळतही नाही, कारण पाकिटात नोटा दिसत असतात! 100 ला विकलात तर 35 सुटतात. अॅपवरून विकलात आणि त्यांनी 25 टक्के कापले, तर उरतात फक्त 10. म्हणून पहिले ग्राहक सोसायटीतले आणि ओळखीतले धरा.

विश्वास एकदाच जातो

विदेशी पदार्थात एक छुपा धोका असतो. इटलीचं अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट वापरून बनतं. थाय करी पेस्टमध्ये बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते. पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकतं, त्याऐवजी चायना ग्रास चालतं. शाकाहारी ग्राहकाला हे नंतर कळलं, तर तो तर जाईलच, पण अख्खी सोसायटी घेऊन जाईल. प्रत्येक पाकिटावर हिरवा ठिपका बघा, घटकांची यादी वाचा. जैन ऑर्डर असेल तर लसूण काढा, लिंबू-जिरं वाढवा.

तिळाची काहींना अॅलर्जी असते. स्टिकरवर घटक, वजन आणि बनवल्याची तारीख लिहा. हमसमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नाही, तेव्हा “फ्रिजमध्ये ठेवा, 3 दिवसांत संपवा” हेही लिहा.

आणि हो, घरून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो, एजंटला हजारो रुपये देऊ नका. मिळालेला 14 आकडी नंबर डब्यावर छापा.

आजचा गृहपाठ

तुमचा एकच पदार्थ निवडा. वरच्यासारख्या ओळी वहीत मांडा आणि स्वतःची मजुरी धरायला विसरू नका. आकडा बघून धक्का बसला तरी हरकत नाही. वहीत बसलेला धक्का फुकट असतो, धंद्यात बसलेला महाग पडतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!