हातावर पोट असलेलं जहाज

सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याला बांधलेल्या ‘एसएस जेरेमाया ओब्रायन’ या मालवाहू जहाजाचं इंजिन फिरू लागलं की त्याच्या कडेला एक माणूस हात पुढे करून उभा राहतो. भलामोठा पोलादी दांडा गरगरत जवळ आला की त्याचा तळवा बेअरिंगला क्षणभर चाटून जातो आणि दांडा दूर जाताच मागे येतो. बेअरिंग तापतंय का, तेल नीट पोचतंय का, हे हातालाच कळतं. पूर्ण वेगात हे इंजिन मिनिटाला ७६ फेरे घेतं, त्यामुळे हात घालायचा आणि काढायचा तो त्याच तालात. ताल चुकला तर हात गेला. मुंबई बंदरात खलाशी भरती करणाऱ्या जुन्या आगबोटींवर हे काम करणाऱ्याला तेलवाला म्हणत आणि बॉयलरपुढे उभा असे तो आगवाला. ओब्रायनवरच्या तेलवाल्याला मात्र पगार नाही. तो आपल्या खुशीनं येतो आणि बहुतेक वेळा कुठल्या तरी नोकरीतून निवृत्त झालेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ‘लिबर्टी’ जातीची २,७१० जहाजं बांधली. त्यातली स्वतःच्या वाफेवर समुद्रात जाण्याइतकी जिवंत ठेवली गेली ती दोनच: सॅन फ्रान्सिस्कोतलं ओब्रायन आणि बाल्टिमोरचं ‘जॉन डब्ल्यू. ब्राऊन’. दोन्हींच्या मागे ना कुणी धनाढ्य घराणं, ना नौदलाची तिजोरी. तिकिटं, वर्गण्या, देणग्या आणि फुकट राबणारे हात यांवर ती चालतात. एवढ्या तुटपुंज्या बळावर ही जहाजं टिकली कशी, याचं निम्मं उत्तर त्यांच्या घडणीत आहे.

लिबर्टीचा मूळ आराखडा इंग्लंडमधला, संडरलंडच्या ‘नॉर्थ सँड्स’ गोदीचा. त्याच घराण्यातली जहाजं कॅनडात ‘फोर्ट’ नावानं बांधली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट होऊन ज्यानं निम्मं बंदर उद्ध्वस्त केलं ते ‘फोर्ट स्टिकिन’ याच कुळातलं, लिबर्टीचं चुलत भावंड. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या आणि बुडण्याच्या वेगापेक्षा बांधण्याचा वेग जास्त ठेवणं हा त्यावरचा एक उपाय होता. म्हणून रिव्हेट ठोकण्याऐवजी मुख्यतः वेल्डिंगचा वापर झाला. जहाजाचे मोठमोठे तुकडे जमिनीवर तयार करून जोडले गेले आणि कालपर्यंत गोदी न पाहिलेले स्त्री-पुरुष काही आठवड्यांच्या शिकवणीवर कामाला लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्याच खाडीवर रिचमंडला ‘रॉबर्ट ई. पीअरी’ हे जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरलं. तो प्रसिद्धीसाठी केलेला विक्रम होता. ओब्रायनला मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंडच्या गोदीत साधारण दोन महिने लागले. १९ जून १९४३ रोजी ते पाण्यात उतरलं.

इंजिनाची निवडही अशीच नाइलाजातून झाली. टर्बाइन आणि त्यांचे गिअर नौदलाच्या लढाऊ जहाजांसाठी राखून ठेवलेले. म्हणून मालवाहू जहाजांना तेव्हाच जुनाट ठरलेलं तिहेरी प्रसरणाचं वाफेचं इंजिन दिलं. त्यात वाफ आधी साडेचोवीस इंच व्यासाच्या सिलिंडरात काम करते, उरलेल्या दाबानं ३७ इंचांच्या सिलिंडरात आणि शेवटी ७० इंचांच्या. रसवंतीवाला एकच ऊस पुन्हा पुन्हा चरकात घालतो, तशी ती पिळून घेतलेली असते. ताकद २,५०० अश्वशक्ती, वेग ताशी ११ सागरी मैल. आकड्यांत मिरवावं असं काही नाही. पण हे इंजिन कोणत्याही बऱ्या यंत्रशाळेत बनू शकत होतं, उघडल्यावर समजत होतं, आणि समजलं की दुरुस्त करता येत होतं. घाईत, स्वस्तात, नवख्या हातांना जमेल असं बांधलेलं हे जहाज अंदाजे पाच वर्षं टिकलं तरी वसूल, असा हिशोब होता. तेच साधेपण ऐंशी वर्षांनी स्वयंसेवकांच्या कामी आलं. बंद पेटीतली इलेक्ट्रॉनिक्स असती, तर ती बनवणारी कंपनी बुडाली त्या दिवशी जहाजही संपलं असतं. इथे कान, हात आणि पान्हे पुरतात.

युद्धात ओब्रायननं सात सफरी केल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात इंग्लंड आणि नॉर्मंडीचा किनारा यांच्यात ११ वेळा ये-जा करून सैनिक आणि सामान पोचवलं. पुढे प्रशांत आणि हिंदी महासागरात फिरताना ते भारतातही येऊन गेलं. १९४६ मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या वरच्या अंगाला, सुइसून बे इथल्या राखीव ताफ्यात नेऊन बांधलं. तिथे ते ३३ वर्षं पडून होतं.

आजूबाजूच्या शेकडो लिबर्टी एकेक करून भंगारात गेल्या. हे वाचलं ते टॉमस पॅटरसन या अधिकाऱ्यामुळे. अमेरिकी सागरी प्रशासनात भंगाराची जहाजं निवडण्याच्या कामाशी त्यांचा संबंध होता. ओब्रायनमध्ये युद्धानंतर काही फेरफार झालेले नाहीत, सगळं जसंच्या तसं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि यादीत त्याचं नाव ते सतत खाली सरकवत राहिले. सरकारी फायलीत एखादी गोष्ट मागे पडणं ही एरवी तक्रारीची बाब. इथे त्या दिरंगाईनं जहाज वाचवलं. १९७८ मध्ये ‘नॅशनल लिबर्टी शिप मेमोरियल’ ही संस्था उभी राहिली. जुने खलाशी आणि इंजिनीअर सुइसूनला जाऊन गंज खरवडू लागले, घट्ट बसलेले व्हॉल्व्ह सोडवू लागले. ऑक्टोबर १९७९ मध्ये बॉयलर पेटले आणि जहाज कुणी न ओढता, स्वतःच्या वाफेवर, ताफ्यातून बाहेर पडलं.

इथेच संस्थेनं एक महागडा निर्णय घेतला. जहाज धक्क्याला बांधून, रंगवून, तिकीट लावून दाखवणं स्वस्त पडलं असतं. त्यांनी ते चालतं ठेवायचं ठरवलं. चालतं म्हणजे प्रवासी घेऊन खाडीत जाणारं. म्हणजेच तटरक्षक दलाची तपासणी, परवानाधारक अधिकारी, विमा, इंधन, आग विझवण्याच्या कवायती, हे सगळं आलं. वाफेच्या इंजिनाचा परवाना असलेले इंजिनीअर तर आता शोधूनच काढावे लागतात.

खर्चाची उतरंड साधारण अशी असते. सर्वांत खाली रोजचा गंज. खाऱ्या हवेत पोलादाला सुट्टी नसते. एका टोकापासून खपल्या काढत, लाल प्रायमर मारत, रंगाचे हात देत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा फुगलेलं असतं. ओब्रायनची लांबी ४४१ फूट. हे काम स्वयंसेवकांच्या घामावर निभतं. त्याच्या वर यंत्रांची डागडुजी: बॉयलरच्या नळ्या, पंप, गळणारे सांधे, वाफेवर चालणारे विंच. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून ते कातून घ्यायचे किंवा मेलेल्या भावंडांवरून काढून आणायचे. ‘आर्थर एम. हडल’ नावाच्या लिबर्टीवरचं पुष्कळसं सामान असंच उतरवलं गेलं होतं.

सर्वांत वर सुकी गोदी. ठरावीक वर्षांनी जहाज पाण्याबाहेर काढून तळ घासावा लागतो, ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी मोजावी लागते, झिजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो, गंज स्वतःवर ओढून घेणारे जस्ताचे ठोकळे बदलावे लागतात. हे बिल घामानं भागत नाही, रोखच मोजावं लागतं. मोडीत गेलेल्या बहुतेक संग्रहालय-जहाजांचा घात याच पायरीवर झालेला आहे. वर्षाचा खर्च तिकिटांतून निघतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. तळाच्या पत्र्याचा हिशोब मात्र कुणी मांडलेला नसतो.

पैसा येतो तो दहा वाटांनी. धक्क्यावरचं तिकीट, सभासदांची वर्गणी, दुकान, समारंभांना डेक भाड्यानं देणं, चित्रीकरण. ‘टायटॅनिक’ सिनेमात धडधडणारं जे इंजिन दिसतं, त्याच्या चित्रणासाठी ओब्रायनचंच इंजिन वापरलं होतं. पडद्यावर ते कितीतरी पट मोठं करून दाखवलंय. खाडीतल्या सफरींची तिकिटंही असतात, पण त्यातून सुटणारं इंधनात बरंचसं जातं. तरीही सफर सोडता येत नाही, कारण सफरीमुळे माणसं येतात आणि टिकतात. रविवारी फुकटात गंज खरवडायला माणूस तयार होतो, तो हे जहाज महिन्या-दोन महिन्यांनी हलणार आहे म्हणून. जे कधीच हलणार नाही, त्याच्या बॉयलरात उतरायला कोण जाईल?

१९९४ ची सफर ही या विचाराची कसोटी होती. नॉर्मंडीच्या लढाईला ५० वर्षं होत होती. कॅलिफोर्नियातलं ‘लेन व्हिक्टरी’, बाल्टिमोरचं ब्राऊन आणि ओब्रायन अशा तीन जहाजांनी जायची तयारी केली. राखीव ताफ्यातली निकामी जहाजं भंगारात विकून त्या पैशातून या संस्थांना मदत करण्याची वाट अमेरिकी काँग्रेसनं कायद्यानं मोकळी केली होती. तिघांपैकी पोचलं एकटं ओब्रायन. पनामा कालव्यातून, अटलांटिक ओलांडून, बहुतांशी सत्तरीतल्या खलाशांनी ते नॉर्मंडीला नेलं आणि परतही आणलं. १९४४ मध्ये नॉर्मंडीवर चाल करून गेलेल्या अवाढव्य ताफ्यातलं मोठं असं हे एकच जहाज सोहळ्याला हजर होतं.

तिथून आल्यावर पुन्हा वर्गणी, रंग आणि धक्क्याची चिंता. जहाजाला स्वतःची जमीन नसते. बंदर देईल त्या धक्क्यावर राहायचं. फोर्ट मेसन, पिअर ३२, पिअर ४५ असे पत्ते बदलत गेले. मे २०२० मध्ये महासाथीमुळे पाहुणे बंद असतानाच पिअर ४५ वरच्या गोदामाला पहाटे आग लागली. जहाज शेजारीच होतं. अग्निशमन नौकेनं पाण्याचा मारा करत ज्वाळा त्याच्यापासून दूर ठेवल्या, म्हणून ते वाचलं. पुढे त्याला पिअर ३५ वर जावं लागलं. धक्का बदलला की वाट चुकलेला पर्यटक आणि त्याच्या तिकिटाचे पैसे, दोन्ही जातात.

तरी या संस्थेची खरी पुंजी पैशात मोजता येत नाही आणि तीच सर्वांत वेगानं आटते. हे जहाज सुरू करणं हे पुस्तकात वाचून येणारं काम नाही. बॉयलर सावकाश तापवावे लागतात. इंजिन आधी छोट्या यंत्रानं हळूहळू फिरवून, थोडी थोडी वाफ सोडून, सगळे निचरे उघडे ठेवून गरम करावं लागतं. थंड सिलिंडरात वाफेचं पाणी होतं आणि पाणी दाबलं जात नाही. घाई केली तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. निचऱ्यातून येणारा आवाज पाण्याचा की कोरड्या वाफेचा, हे कान ओळखतो. युद्धात हे काम केलेली पिढी आता जवळपास संपली. म्हणून धक्क्यावर उभ्या जहाजाचं इंजिन ठरलेल्या शनिवार-रविवारी मुद्दाम चालवतात. पाहुण्यांसाठी तो खेळ असतो, स्वयंसेवकांसाठी वर्ग. जुना तेलवाला नव्याला शेजारी उभं करतो आणि ताल हातात बसेपर्यंत सोडत नाही. संग्रहालयात एरवी वस्तू जपतात, इथे काम जपलं जातं. काम थांबलं तर उरेल ते काही हजार टन पोलाद, ज्याचा बाजारभाव कुणीही सांगेल.

तो भाव महाराष्ट्रानं दोनदा पाहिला आहे. १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू ‘विक्रांत’ २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. २०१२ मध्ये ती सुरक्षेच्या कारणानं बंद झाली, लिलावात सुमारे ६० कोटींना गेली आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईतल्याच दारुखाना भागात तिचे तुकडे पडू लागले. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू जहाजासाठी तर राज्य मंत्रिमंडळानं २०१८ मध्ये सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली. २०२० मध्ये ती जहाजं तोडणाऱ्या अलंगच्या किनाऱ्यावर होती. विमानवाहू जहाज लिबर्टीच्या कितीतरी पट अवघड, त्यामुळे सरळ तुलना अन्यायाची होईल. पण दोन्ही वेळा चर्चा झाली ती अभिमानाची आणि कोटींची. दर रविवारी जहाजाच्या तळाशी उतरून गंज कोण काढणार, आणि पुढच्या सुक्या गोदीचे पैसे कोणत्या खात्यात जमतायत, हे प्रश्न मागेच राहिले. ज्या मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडियांनी मलबारी सागवानाचं ‘ट्रिंकोमाली’ बांधलं, तिथे जहाजं कळणाऱ्या माणसांची वाण नाही. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात निवृत्त इंजिनीअर, फिटर, खलाशी हजारोंनी आहेत. त्यांना कुणी जहाज सोपवलेलं नाही.

ओब्रायनच्या माणसांनी जहाज ताब्यात येण्याआधी एकमेकांना गाठलं, आणि खरवडायला सुरुवात केली तेव्हा ते अजून सुइसूनच्या ताफ्यातच होतं. पुढचं एखादं निवृत्त जहाज मागण्याची वेळ आली तर आपणही तोच क्रम धरावा: आधी पन्नास माणसांची हजेरी, मग गोदीचा निधी, आणि जहाजासाठीचा अर्ज त्यानंतर.